वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरच्या कामाचा बॅकअप आपण का घ्यावा?

गेल्या अंकात या सदरात मी एवढेच लिहिले होते की, ज्या व्यवसायाचे ई-मेल, फाइली आणि चर्चा आता क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, चालतात, त्याने त्या सर्वांची एक वेगळी प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवावी. त्यावर नाशिक आणि परिसरातून बरीच पत्रे आली. काही वाचकांनी शंका घेतल्या आहेत आणि काहींनी स्पष्ट असहमती दर्शवली आहे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची द्राक्ष निर्यातीची कंपनी आहे. शेतकऱ्यांच्या फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेचे रेसिड्यू रिपोर्ट, पॅकहाऊसच्या याद्या आणि युरोपातील खरेदीदारांशी झालेला पत्रव्यवहार हे सारे गूगल वर्कस्पेसवर आहे. एवढी मोठी कंपनी आमचा डेटा सांभाळत असताना, त्यासाठी आम्ही दरमहा पैसे भरत असताना, पुन्हा वेगळा बॅकअप कशासाठी? मुलगा आग्रह करतो आहे, पण मला हा दुहेरी खर्च वाटतो. (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : आपला माल शीतगृहात असतो तेव्हा तापमान, वीज आणि इमारत यांची जबाबदारी शीतगृहाच्या मालकाची असते. परंतु आपल्याच माणसाने, आपल्याच सहीची पावती दाखवून माल बाहेर काढला, तर मालक त्याला अडवत नाही आणि अडवण्याचे त्याला कारणही नसते. क्लाउड सेवेचे नेमके असेच आहे. गूगलची एखादी डिस्क नादुरुस्त झाली किंवा एखादे डेटा केंद्र बंद पडले, तरी आपल्या फाइली शाबूत राहाव्यात याची व्यवस्था ती कंपनी करते आणि ती उत्तम करते. मात्र आपल्या कर्मचाऱ्याने फोल्डर पुसले, चुकीच्या आकड्यांनी जुना तक्ता भरून टाकला, किंवा त्याचा पासवर्ड चोरून कोणी आत शिरले, तर त्या सेवेच्या दृष्टीने ती खातेधारकाची आज्ञाच असते आणि ती पाळली जाते.

पुसलेली फाइल परत मिळते, हे खरे आहे. प्रश्न मुदतीचा आहे. ड्राइव्ह या गूगलच्या फाइल-साठवणीच्या ट्रॅशमध्ये, म्हणजे कचरापेटीत, फाइल ३० दिवस राहते. त्यानंतर आपल्या ॲडमिनला, म्हणजे कंपनीच्या खात्यांची व्यवस्था पाहणाऱ्याला, ती परत आणण्यासाठी आणखी २५ दिवस मिळतात. एखाद्या कर्मचाऱ्याचे खातेच काढून टाकले असेल, तर ते परत उभे करण्याची मुदत २० दिवस आहे. या मुदती आपल्या हंगामाच्या शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमध्ये शेवटचे कंटेनर रवाना होतात, हंगामी माणसे सुटतात, आणि मे महिन्यात कोणीतरी 'जुने फोल्डर साफ' करतो. त्या फोल्डरची आठवण होते ती थेट ऑक्टोबर छाटणीनंतर, नव्या हंगामासाठी बागांची नोंदणी करताना, किंवा एखाद्या खरेदीदाराने गेल्या वर्षीच्या मालाविषयी प्रश्न विचारल्यावर. तोपर्यंत या सर्व मुदती केव्हाच संपलेल्या असतात. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीवर जे नोंदवले गेले ते त्या प्रणालीत राहील. परंतु त्यामागची कागदपत्रे, म्हणजे शेतकऱ्याने पाठवलेला फवारणीचा तक्ता, त्यावरील आपला शेरा आणि खरेदीदाराने दिलेली संमती, ही फक्त आपल्याकडे असतात. बाग कोणत्या औषधाने केव्हा फवारली हे दोन वर्षांनी सांगता येणे हाच आपल्या व्यवसायाचा विश्वास आहे, आणि म्हणूनच मला आपल्या मुलाचा आग्रह योग्य वाटतो.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण मोठ्या कंपनीकडून चूक होतच नाही असे आपल्या पत्रात गृहीत धरलेले आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या ६ लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्ती निधीची गूगल क्लाउडवरील खासगी यंत्रणा, मांडणी करताना झालेल्या एका चुकीमुळे, पुसली गेली. तेव्हाच्या संयुक्त निवेदनानुसार, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकाच वेळी गेल्या, कारण दोन्ही एकाच वर्गणीखाली होत्या. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, त्यामुळे सभासदांच्या नोंदी वाचल्या. तरीही आठवड्याहून अधिक काळ त्यांना आपले खाते पाहता आले नाही. ही घटना वर्कस्पेसमधील नव्हती आणि अशा घटना विरळा असतात, हे मी मान्य करतो. पण त्या निधीला कशाने तारले, ते आपल्या निर्णयासाठी महत्त्वाचे आहे.

प्रश्न : आमचे भांडी बाजारात दुकान आणि कार्यालय आहे. पुरात संगणक आणि वह्या भिजल्यानंतरच आम्ही सर्व हिशेब आणि कागदपत्रे क्लाउडवर नेली. आता आपण पुन्हा हार्ड डिस्क ठेवायला सांगत आहात. मग आम्ही एवढे केले ते वाया गेले का? (नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी ज्यांनी दुकानात शिरताना पाहिले, त्यांना कागद आणि संगणक नदीकाठी न ठेवण्याचे शहाणपण कोणी शिकवण्याची गरज नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की माल वरच्या मजल्यावर हलवणाऱ्या बाजाराने आपली कागदपत्रे क्लाउडवर हलवली, हे योग्यच झाले. आपला एक धोका टळला आहे. त्या जागी दुसरा आला आहे, इतकेच माझे म्हणणे आहे. पूर्वी सगळे एका इमारतीत होते, आता सगळे एका खात्यात आहे.

या बाबतीत पीटर क्रो या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम अजूनही उपयोगी पडतो. डेटाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक वेगळ्या जागी असावी. आपल्या बाबतीत क्लाउडवरील चालू काम ही पहिली प्रत झाली. दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, वेगळ्या खात्याने आणि वेगळ्या पासवर्डने ठेवता येईल. तिसरी हार्ड डिस्कवर घ्यावी, पण ती डिस्क दुकानात ठेवू नये. आपले घर इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा अशा नदीपासून दूरच्या भागात असेल, तर तेथील कपाटात, कुलपात ठेवावी. डिस्कवरील डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, घ्यावा, म्हणजे डिस्क चोरीला गेली तरी ग्राहकांची माहिती उघडी पडणार नाही. त्याची किल्ली मात्र घरातील किमान दोघांना ठाऊक असावी.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील चारही संगणकांवर ड्राइव्हचे फोल्डर सिंक होते, म्हणजे चार प्रती आहेतच. शिवाय दर सोमवारी ते फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केले जाते. एवढे पुरेसे नाही का? (सातपूर)

उत्तर : आपण नियमितपणा ठेवला आहे, त्याबद्दल अभिनंदन. परंतु या व्यवस्थेत दोन खोल खड्डे आहेत, आणि दुसरा खड्डा बहुतेकांना दिसतच नाही.

पहिला सिंकचा. एका ठिकाणी जे घडेल ते सर्व ठिकाणी घडवणे हेच सिंकचे काम असते. डिझाइन विभागात कोणी एखादे ड्रॉइंग पुसले, की ते काही क्षणांत चारही संगणकांवरून पुसले जाते. एका संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, शिरले आणि त्याने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फाइलीच निमूटपणे क्लाउडवर चढतात आणि तेथून उरलेल्या तीन संगणकांवर उतरतात. जुन्या आवृत्त्यांमधून काही वाचवता येते, पण ड्राइव्हवर गूगलच्या स्वतःच्या प्रकारातील नसलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच टिकतात, आणि हजारो ड्रॉइंग एकेक करून मागे नेणे हे किती दिवसांचे काम होईल याचा आपणच अंदाज करावा. चार प्रती आहेत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती एकच प्रत चार ठिकाणी दिसते आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संगणकावरील ड्राइव्ह ॲपच्या एका आवृत्तीतील दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या सिंक न झालेल्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या आणि गूगलने तो दोष मान्य केला होता, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा खड्डा हार्ड डिस्कवरील कॉपीचा. गूगल डॉक्स आणि गूगल शीट्समध्ये तयार केलेली फाइल आपल्या संगणकावर दिसते, तिचे नाव दिसते, पण तिच्या आत मजकूर नसतो. ती केवळ क्लाउडवरील मूळ फाइलीकडे नेणारी वाटेची पाटी असते. अशी पाटी डिस्कवर कॉपी केल्याने मजकूर कॉपी होत नाही. माझ्या परिचयातील एका कारखानदारांनी दोन वर्षे दर आठवड्याला न चुकता असा बॅकअप घेतला. खाते काही काळ बंद झाले, तेव्हा त्यांनी निर्धास्त मनाने डिस्क जोडली. वर्ड, पीडीएफ आणि ड्रॉइंगच्या फाइली उघडल्या, पण दर, खरेदी आणि गुणवत्ता तपासणी यांचे सर्व तक्ते शीट्समध्ये होते आणि त्यांपैकी एकही उघडेना. ते शांत स्वभावाचे गृहस्थ आहेत. त्या दिवशी मात्र फोनवर त्यांचा आवाज कापत होता, आणि तो मी विसरलेलो नाही. आपण आजच ती डिस्क ड्राइव्हशी न जोडलेल्या, इंटरनेट बंद असलेल्या संगणकाला लावून एखादी शीट उघडून पाहावी. उघडली नाही, तर या फाइली एक्सेल किंवा वर्डच्या स्वरूपात बाहेर काढणारी पद्धत वापरावी लागेल. ॲडमिनसाठी असलेले गूगलचे डेटा एक्सपोर्ट हे साधन किंवा बॅकअप घेणारी स्वतंत्र सेवा, या दोन्हींमधून ते होते.

आणि कॉपी झाल्यावर डिस्क काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला संगणकाइतकीच जवळ असते.

प्रश्न : आमच्या सनदी लेखापाल कार्यालयात मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. आर्टिकलशिपचे विद्यार्थी आणि कर्मचारी बदलत राहतात, म्हणून कोणी सोडून गेले की खर्च वाचवण्यासाठी आम्ही त्याचे खाते लगेच काढून टाकतो. यात काही धोका आहे का? आणि बॅकअप घेणे कायद्याने बंधनकारक आहे का? (कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : धोका आहे, आणि तो आपल्या पेशात इतरांपेक्षा अधिक आहे. खाते काढल्यावर त्या व्यक्तीचा मेलबॉक्स ३० दिवस परत आणता येतो. तिचे वनड्राइव्ह, म्हणजे तिची वैयक्तिक फाइल-साठवण, हेही मूळ मांडणीनुसार ३० दिवस राखले जाते, नंतर ते ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये पडून राहते आणि मग कायमचे जाते. यातील न दिसणारी बाब अशी की, टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या संवाद-सेवेतील खासगी चर्चेत कोणी फाइल पाठवली तर ती पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये राहते. चॅनेलमध्ये, म्हणजे गटाच्या सामायिक चर्चेत, टाकलेली फाइल मात्र शेअरपॉइंट या कार्यालयाच्या सामायिक साठवणीत जाते. म्हणजे तीन वर्षे आपल्याकडे असलेल्या विद्यार्थ्याने चर्चेतून वरिष्ठांना पाठवलेले ताळेबंदाचे मसुदे आणि अशिलांची उत्तरे ही त्याच्या खात्याबरोबरच निघून जातात. वरिष्ठांच्या पडद्यावर चर्चा दिसत राहते, पण फाइलीवर टिचकी मारली की काही उघडत नाही. खाते काढण्यापूर्वी त्याच्या वनड्राइव्हमधील कामाच्या फाइली अशिलाच्या फोल्डरमध्ये हलवणे आणि मेलबॉक्सची प्रत घेणे, हा कार्यालय सोडण्याच्या प्रक्रियेचाच भाग करावा. किल्ल्या परत घेतल्याशिवाय आपण जसे कोणाला सोडत नाही, तसेच हे.

कायद्याविषयी आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असेल, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. कंपन्यांच्या लेखाविषयक २०१४ च्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेब-पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक झाले. त्यापूर्वी तेथे ठरावीक कालाने असा शब्द होता. हा नियम हिशेब-पुस्तकांपुरता आहे, प्रत्येक ई-मेलला तो लागू होत नाही. परंतु त्या पुस्तकांतील नोंदींचे पुरावे, म्हणजे बिले, मंजुऱ्या आणि करार, आज ई-मेलमध्ये आणि सामायिक फोल्डरमध्येच पडून असतात, आणि ८ वर्षे व ९३ दिवस यांतील अंतर कोणत्याही रिसायकल बिनने भरून निघणारे नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतही सुरक्षेच्या वाजवी उपायांत बॅकअपचा उल्लेख आहे. अशिलांचे पॅन आणि बँक तपशील हाताळणाऱ्या कार्यालयाने तो वाचून ठेवावा.

आपल्या भागीदारांना पटवण्यासाठी आणखी एक मुद्दा देतो. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक ग्राहकांसाठीच्या सेवा-करारातच, आपल्या मजकुराचा नियमित बॅकअप घ्यावा, अशी शिफारस आहे. आणि २०२४ पासून ती कंपनी मायक्रोसॉफ्ट ३६५ बॅकअप नावाची सेवा वेगळे पैसे आकारून देते. मूळ वर्गणीत हे सर्व आलेच आहे, हा समज त्यावरून दूर व्हावा.

प्रश्न : आमचा छोटा व्यवसाय एका मोफत जीमेल खात्यावर चालतो. ते खाते पूर्वीच्या व्यवस्थापकाने उघडले होते. बॅकअप त्यातूनच घेता येईल का? (सिन्नर)

उत्तर : घेता येईल, आणि या आठवड्यातच घ्यावा. गूगल टेकआउट या मोफत सोयीतून ई-मेल आणि ड्राइव्ह या दोन्हींची प्रत उतरवून घेता येते. परंतु आपली खरी अडचण मालकीची आहे. ते खाते व्यवहारात त्या व्यवस्थापकाचेच आहे. परतीचा मोबाइल क्रमांक त्यांचा असेल, तर उद्या आपल्याला आत शिरता येणार नाही. १५ जीबीची मर्यादा भरली की नवे ई-मेल येणे थांबते, आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे गूगलचे धोरण आहे. प्रत उतरवून घेतल्यावर व्यवसायाच्या नावाने खाते घ्यावे.

प्रश्न : पटले, पण आमच्याकडे आयटी विभाग नाही. वीस माणसांच्या कार्यालयाने सुरुवात कोठून करावी आणि बॅकअप नीट होतो आहे हे कळणार कसे? (अंबड)

उत्तर : साधन निवडण्यापूर्वी सर्व विभागप्रमुखांना बसवून दोन प्रश्न विचारावेत. किती तासांचे काम पुन्हा करावे लागले तर आपल्याला परवडेल? आणि किती वेळात पुन्हा काम सुरू झालेच पाहिजे? लेखा विभागाचे उत्तर बहुधा एक दिवस असे येईल, रवानगी विभागाचे काही तास, आणि जुन्या जाहिरातींच्या छायाचित्रांबाबत एक आठवडाही चालेल. ही उत्तरे हाती आली की कशाचा बॅकअप रोज, कशाचा आठवड्याने आणि किती वर्षांसाठी ठेवायचा हे आपोआप ठरते आणि खर्चही आवाक्यात राहतो. वीस खात्यांसाठी प्रत्येक खात्यामागे वर्गणी घेणारी बॅकअप सेवा मला सोयीची वाटते, कारण ती ई-मेल, ड्राइव्ह, कॅलेंडर आणि संपर्क यांच्या प्रती माणसाच्या आठवणीवर न सोडता घेते. ती निवडताना विक्रेत्याला विचारावे की प्रती कोणत्या देशात राहतात, ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही पुसता न येणारी प्रत ठेवण्याची सोय आहे का, आणि वर्गणी थांबवल्यास आपला डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळतो. बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड रोजच्या ॲडमिन खात्याहून वेगळा असावा आणि दोन्हींवर दुहेरी पडताळणी चालू असावी. एकच पासवर्ड फुटल्याने काम आणि त्याची प्रत दोन्ही जाऊ नयेत.

बॅकअप न ठेवण्याची किंमत सरकारी यंत्रणेलाही चुकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचारी जेथे आपली कामाची कागदपत्रे ठेवत होते ती जी-ड्राइव्ह नावाची सामायिक साठवण ८५८ टेराबाइट डेटासह नष्ट झाली. तिचा गूगलशी काही संबंध नव्हता. साठवण फार मोठी असल्यामुळे तिचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता. काही सरकारी विभागांतील माणसांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे तेथेच होती.

आता बॅकअप नीट होतो आहे हे कसे कळणार, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो कोणीही विचारत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरील डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती लावलेल्या होत्या. पाहिले तेव्हा रोजच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली. बॅकअप अयशस्वी होत असल्याचे ई-मेल त्यांच्याच मेल व्यवस्थेने नाकारले होते, त्यामुळे ते कोणाला मिळालेच नव्हते. सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीवरून त्यांनी काम पुन्हा उभे केले. म्हणून 'बॅकअप यशस्वी' या संदेशावर विसंबू नये. दर तीन महिन्यांनी एक तास ठरवावा. त्या तासात लेखा विभागाने गेल्या आर्थिक वर्षातील एखादे फोल्डर, रवानगी विभागाने सहा महिन्यांपूर्वीचा एखादा ई-मेल त्याच्या जोडपत्रासह, आणि कोणीतरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची एखादी फाइल मागावी, आणि ती मूळ जागी न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून, उघडून, आतील आकडे वाचून पाहावीत. किती मिनिटे लागली, काय मिळाले नाही आणि हे काम कोणी केले, हे एका कागदी वहीत लिहावे. पुढच्या वेळी तेच काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावे, म्हणजे पहिला रजेवर असतानाच गरज पडली तरी कार्यालय अडणार नाही.